ओढीची मोजणी

उत्पला रामटेके हिचा विद्यार्थी-व्हिसा तिसऱ्यांदा नाकारला गेला तेव्हा नकारासोबत पहिल्यांदाच कारणही मिळालं. ते एका रंगीत तक्त्यावर छापलेलं होतं. तक्ता पुरता वाचून होण्याआधीच तिनं कागदाची घडी केली आणि ती सॅकच्या आतल्या कप्प्यात सरकवून चेन ओढली.

नागपूरला वर्धा रोडवर हे मोजणी केंद्र सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. मे महिना होता. फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी तिचे वडील वामनराव उभे होते. एसटीच्या भंडारा डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. मुलीच्या कामासाठी इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, आणि रसाचे दोन पेले सांगून ठेवलेला.

"काय झालं?"

"नाही झालं."

"आता काय कमी पडलं?"

"मशीन नाही म्हणालं, बाबा."

वामनरावांनी एक पेला तिच्या हातात दिला. "मशीनले काय समजते," ते म्हणाले. ज्यानं सगळी हयात मशीन काय सांगतं ते कान लावून ऐकण्यात घालवली, त्यानं असं म्हणावं, ही केवळ माया होती. उत्पलाला ते कळलं, आणि तिनं मान खाली घातली.

याआधीचे दोन नकार माणसांनी दिले होते. मुंबईला काचेच्या खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं पहिल्या वेळी तीन मिनिटांत विचारलं होतं की लग्न नाही, शेती नाही, आई नाही, मग तुम्ही परत कशाला याल? दुसऱ्या वेळी ती घराची कागदपत्रं, वडिलांचे पेन्शनचे कागद, ती काम करत होती त्या सिकलसेल केंद्राचं शिफारसपत्र असा गठ्ठाच घेऊन गेली. अधिकाऱ्यानं त्याची गाठही सोडली नाही. कायदा सांगत होता की शिक्षण संपल्यावर आपण मायदेशी परतू हे विद्यार्थ्यानं सिद्ध करावं. अजून केलेलीच नाही अशी गोष्ट सिद्ध कशी करायची, हे कायदा सांगत नव्हता.

ती अडचण मशीननं सोडवली, असं सरकारांचं म्हणणं होतं.

मशीनचा जन्म व्हिसासाठी झाला नव्हता. मेंदूतल्या पेशी एका तालात काम करू लागल्या की त्यांच्याभोवती अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मानानं कित्येक कोटी पटींनी क्षीण. पूर्वी ते टिपायला खोलीभर यंत्रं आणि द्रव हेलियमच्या टाक्या लागत. पुढे काचेच्या इवल्याशा कुप्यांत धातूची वाफ कोंडून, तिच्यातून लेसरचा किरण सोडून तेच काम होऊ लागलं, आणि ते सगळं एका शिरस्त्राणात मावलं. शोकाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी ते शिरस्त्राण आप्त गमावलेल्या माणसांच्या डोक्यावर चढवलं आणि त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. मेंदू जवळच्या माणसांची हजेरी सतत घेत असतो. अपेक्षित माणूस जागेवर नसलं की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात एक लाट उठते, अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त धरावी आणि पाय पोकळीत पडावा, तशी. माणूस जितकं जवळचं, तितकी लाट मोठी. डॉक्टरांनी तिला अभावाची लाट म्हटलं, आणि दुःखात रुतून बसलेल्यांवर उपचार करायला ते निघाले.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की ज्याची लाट मोठी, तो परत येईल. अकरा हजार परदेशी विद्यार्थ्यांवर ते ताडून पाहिलं गेलं. शंभरातले चौऱ्यांशी अंदाज खरे निघाले. काचेमागच्या अधिकाऱ्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं सगळ्यांनाच वाटलं. नियम बदलले. अर्जदारानं आपल्या माणसांचे आणि ठिकाणांचे फोटो द्यायचे, आवाज द्यायचे. मशीन ते दाखवणार, मध्येच काढून घेणार आणि लाटा मोजणार. सगळ्यांचा मिळून परतीचा निर्देशांक. किमान पंचावन्न हवा.

उत्पलाचा एकतीस आला होता.

रामटेक्यांच्या घरात कागद ठेवायचं काम वामनरावांकडे होतं. उत्पलाच्या बालवाडीच्या प्रगतिपुस्तकापासून सगळं त्यांनी एका निळ्या फाइलीत तारीखवार लावलेलं होतं. दोन दिवसांनी त्यांनी सॅकमधून तो तक्ता काढला, सरळ केला, पंच मारायला घेतला आणि तसाच हातात धरून स्वयंपाकघरात आले.

"हे माह्या नावापुढं नऊ लिहिलं आहे. शंभरापैकी का?"

उत्पला पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबला.

"हो."

"अन् नदी चव्वेचाळीस."

"बाबा, ते तसं नसते. आकडा वेगळा—"

"हे लाल रेघा काहून आहेत?"

तव्यावरची पोळी करपू लागली तेव्हा वामनरावांनीच पुढे होऊन गॅस बारीक केला.

"मागं सरणं," ती शेवटी म्हणाली. "माणूस दिसलं की मन जवळ जाते किंवा मागे सरते. मागे सरलं की लाल दाखवतात."

वामनरावांनी मान हलवली. तक्त्यावर सगळ्यांत उंच पट्टा अठ्ठ्याऐंशीचा होता, राखाडी रंगाचा. त्याच्याखाली नाव होतं खेमा रामटेके, बहीण, आणि पुढे बारीक अक्षरात छापलेलं होतं की मृत व्यक्ती गणनेत धरलेली नाही. त्या नावावर त्यांनी नुसतं बोट ठेवलं. मग कागदाला पंच मारून तो फाइलीत लावला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

खेमा उत्पलाहून चार वर्षांनी लहान. दोघींची नावं आईनं ठेवलेली, बुद्धाच्या दोन थोर भिक्षुणींची. आई उत्पला अकरा वर्षांची असताना मूत्रपिंडाच्या आजारानं गेली. खेमाला जन्मापासून सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि अंग ठणकायला लागतं. ते ठणकणं घरानं वर्षातून पाच-सहा वेळा पाहिलेलं होतं. पाच वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, एकोणीस वर्षांची असताना, खेमा त्यातच गेली. त्या दुपारी उत्पला नागपूरला एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेला बसली होती. पाच वाजता बाहेर येऊन तिनं फोन सुरू केला तर अकरा मिस्ड कॉल होते.

नंतर तिनं दवाखान्याचा केसपेपर वाचला. 'सकाळपासून छातीत दुखणे. दाखल: चार वाजून दहा मिनिटे.' सकाळपासून, आणि चार-दहा. तिनं वडिलांना काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. घरात दोघंच उरली होती, आणि दोघांच्या मध्ये ती सकाळ ते चार-दहाची वेळ पाच वर्षं बसून होती. ती त्यांची औषधं आणायची, सणाला शर्टाचं कापड घ्यायची, तुम्ही-आम्ही करून अदबीनं बोलायची. शेजारीपाजारी तिचं नाव आपल्या मुलींना ऐकवायचे. मशीननं मात्र एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात सगळं बाहेर काढलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉ. ओकाफोर यांचं पत्र आलं. उत्पलाला प्रवेश मिळालेल्या समुद्रापलीकडच्या विद्यापीठात त्यांची प्रयोगशाळा होती. सिकलसेलवर जनुक-उपचार निघून बरीच वर्षं झाली होती, पण त्यासाठी रुग्णाची अस्थिमज्जा आधी औषधांनी जाळून टाकावी लागे, आणि ते भंडारा-गोंदियाच्या दवाखान्यांत होण्यासारखं नव्हतं. ओकाफोरबाई एका इंजेक्शनवर काम करत होत्या. दंडावर टोचायचं, आणि दुरुस्तीचं सामान स्निग्ध कणांत बसून थेट मज्जेपर्यंत जायचं. उत्पलाची जागा त्यांनी दोनदा राखून ठेवली होती. आता त्यांनी लिहिलं होतं की वीस ऑगस्टपर्यंत ती हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, त्यांच्या हातात आणखी काही उरलेलं नाही.

नकारानंतर साठ दिवसांनी पुन्हा अर्ज करता येत होता. म्हणजे एक शेवटचा प्रयत्न.

त्या साठ दिवसांत उत्पलानं काय काय केलं, ते तिनं पुढे कोणाला सांगितलं नाही. वडिलांचा फोटो मोबाइलवर लावून ती तासन् तास बघत बसायची. त्यांनी खांद्यावर बसवून नदीवर नेलं होतं ते आठवायची, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या त्या आठवायची, आणि सगळं आठवून झालं की शेवटी चार-दहाच आठवायचं. इंटरनेटवरून तिनं नाकात मारायचा एक फवारा मागवला. त्यानं माया वाढते असं डब्यावर लिहिलेलं होतं. तीन दिवस डोकं तेवढं दुखलं. एका सकाळी आरशासमोर उभं राहून तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. आपल्याला आपल्या बापावर प्रेम करता येत नाही, आणि ते येत नाही म्हणून एक औषध अडलं आहे, हा विचार तिला घरात बसू देईना आणि बाहेर जाऊ देईना.

वामनरावांनी त्यांच्या परीनं शोध घेतला. जूनच्या अखेरीस ते एकटेच नागपूरला जाऊन आले, आणि येताना हातात शंभर पानी वही होती.

"सीताबर्डीवर गोतमारे सरांचा क्लास आहे," ते म्हणाले. "ओढ वाढवून देतात. पालकालेही शिकवतात. मी नाव टाकून आलो."

"कोणाचं?"

"दोघाईचं."

गोतमारे सर पूर्वी मानसशास्त्र शिकवायचे. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी एक जुनं शिरस्त्राण बसवलं होतं, आणि जिन्यापर्यंत माणसं उभी असायची. मोजणी आल्यापासून गावागावांत काय काय सुरू झालं होतं ते तिथे एका नजरेत दिसे. व्हिसाआधी घाईनं साखरपुडे उरकले जात होते, कारण नव्या जोडप्याची लाट मोठी येते. कुत्रा पाळला तर तीन-चार महिन्यांत चांगला आकडा मिळतो असं कळल्यापासून पिल्लं मिळेनाशी झाली होती. एक आई आपल्या पंचवीस वर्षांच्या मुलाला वर्गाच्या कोपऱ्यात हातानं भात भरवत होती आणि मुलगा डोळे मिटून गिळत होता.

"लाट खोटी काढता येत नाही," गोतमारे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "पण वाढवता येते. मेंदूला सवय हवी की हा माणूस रोज इथे असतो. मग तो नसला की मेंदू दचकतो."

त्यांनी दिलेला गृहपाठ वामनरावांनी वहीत उतरवून घेतला आणि डेपोतल्या कामाच्या यादीसारखा एकेक पूर्ण करू लागले. सकाळी एकत्र चहा. संध्याकाळी एकत्र फेरी. एकमेकांना लहानपणीची एक आठवण. ते ठरल्या वेळी येऊन समोर बसत, घसा साफ करत आणि म्हणत, "आज आठवण सांगतो." एकदा त्यांनी तिच्या केसांना तेल लावून दिलं. आयुष्यभर ग्रीसमध्ये बुडालेली ती जाड बोटं डोक्यावर अवघडून फिरत होती, आणि उत्पला दात आवळून बसली होती. तिला रडू येत होतं, पण ते मायेचं नव्हतं. आपण मुलीला आवडावं म्हणून बासष्ट वर्षांचा माणूस परीक्षा दिल्यासारखा खपत होता, आणि तेही कशासाठी, तर तिला त्याच्यापासून दूर जाता यावं म्हणून.

क्लासच्या शिरस्त्राणावर आकडा नऊचा चौदा झाला. मग सतरा. तिथेच अडकला. लाल रेघा गेल्या नाहीत.

जुलैच्या मध्यावर गोतमारे सरांनी वामनरावांना एकट्याला आत बोलावलं. उत्पला जिन्यात उभी होती. आत काय बोलणं झालं ते तिला त्या दिवशी कळलं नाही. बसमध्ये वामनराव खिडकीतून बाहेर पाहत होते, आणि मौदा मागे पडलं तरी त्यांनी तिकीट हातातच धरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चल, नदीवर जाऊन येऊ."

वैनगंगेला पाणी चढलेलं होतं, गढूळ आणि वेगवान. वामनराव घाटाच्या वरच्या पायरीवर बसले. आज त्यांनी घसा साफ केला नाही.

"तुले वाटत असन का मी खेमाले उशिरा नेलं."

पाच वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून आलं नव्हतं.

"सकाळी दुखाले लागलं तवाच मी म्हणलं, चल. ते नाही म्हणे. म्हणे, दवाखान्यात गेलो का तुम्ही ताईले फोन करसान. ताई पेपर सोडून येईन. ताईचा पेपर होऊ द्या, मंग जाऊ. माह्याकडून शब्द घेतला. मी थांबलो." ते पाण्याकडे पाहत बोलत होते. "तुले सांगितलं नाही. काहून सांगू?"

उत्पलानं दोन्ही हातांनी वडिलांचा दंड घट्ट धरला आणि ओरडायचं तेवढं त्यांच्या बाहीत तोंड खुपसून ओरडली. पाच वर्षं ज्या माणसाला तिनं मनातल्या मनात उभं करून दोषी ठरवलं होतं, तो तिच्यासाठी, तिच्या पेपरासाठी गप्प बसला होता. आणि खेमा... खेमानं तिच्या तीन तासांसाठी स्वतःचे तास दिले होते.

त्या दिवसापासून घरातलं सगळं पालटलं. वामनराव बाजारात गेले आणि यायला उशीर झाला की उत्पला फाटकाशी येऊन उभी राही. त्यांची पावलं वाजली की तिच्या जिवात जीव येई. क्लासमधला आकडा आठवड्यात एकावन्नवर गेला. गोतमारे सरांनी वामनरावांच्या पाठीवर थाप मारली. पण तिचं जेवण तुटलं. घास तोंडाशी नेला की तिला प्रश्नपत्रिका दिसे. त्या दिवशी दुसरा प्रश्न तिनं दोनदा खोडून लिहिला होता, वेळ उरला म्हणून वर्गात बसून राहिली होती, आणि तो उरलेला वेळ कोणाचा होता ते आता तिला ठाऊक होतं. पंधरा दिवसांत तिची मनगटं एवढी बारीक झाली की बांगडी कोपरापर्यंत जायची. वामनराव ताटात वाढत आणि पाहत राहत.

दुसरी मोजणी पाच ऑगस्टला झाली. पांढऱ्या खोलीत शिरस्त्राण डोक्यावर उतरलं, पडद्यावर वामनरावांचा फोटो आला, त्यांचा आवाज आला, "उत्पला, जेवली का?" आणि मध्येच तुटला. ती खुर्चीत कळवळली. अकरा मिनिटांनी तंत्रज्ञ मुलीनं तक्ता हातात दिला. वडील सहासष्ट, लाल रेघ एकही नाही. निर्देशांक सत्तावन्न.

"झालं तुमचं," ती मुलगी हसून म्हणाली. उत्पलानं तक्ता तिच्याकडून तीनदा वाचून घेतला.

पासपोर्ट अकरा तारखेला टपालानं घरी आला. वामनरावांनी सही करून पाकीट घेतलं, उत्पलाच्या हातात दिलं.

"शिक्का लागला का पाह्य."

तिनं पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तारखा वाचल्या, नाव वाचलं, बोटानं शिक्क्याची कड चाचपून पाहिली. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"बस जरा."

ती समोर बसली.

"खेमा तसं बोलली नव्हती."

"कसं?"

"पेपरचं. ताईचा पेपर होऊ द्या, ते. मी मनचं सांगितलं."

उत्पलाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातला पासपोर्ट तिनं हळूच पलंगावर ठेवला.

"गोतमारे सर म्हणले का आकडा अडला आहे, काही तरी गाठ आहे," वामनराव सांगू लागले. "मी खेमाचं सांगितलं त्याईले. ते म्हणले, सुटत नसन तर दुसऱ्या जागी बांधा. तिले दुसरं कारण द्या. बॅटरी बसली का गाडी धक्का मारून चालू करतेत ना, तसं. मी धक्का मारला. गाडी चालू झाली."

"मग आता काहून सांगता?"

"तू जेवून नाही रायली."

तिनं पासपोर्ट पलंगावर आणखी लांब सरकवला.

"तुह्या पेपरपायी ते गेली, असं तुले वाटून रायलं. ते घेऊन तू तिकडं जाशीन. तिकडं तुले कोण सांगन का हे खोटं आहे? मले ते पाहवत नाही."

"दर वर्षी पुन्हा मोजतात," उत्पला म्हणाली. "आकडा पडला तर अर्ध्यातून परत पाठवतात. माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे. सर म्हणले, दोन वर्षं चूप राहा."

उत्पला उठून मागच्या दारात गेली. तिला भयंकर राग आला होता. हा माणूस तिला काही म्हणजे काहीच सरळ देऊ शकत नव्हता, दोषसुद्धा. तिला जे सहासष्ट मिळाले होते ते एका खोट्यावर मिळाले होते, आणि आता तेही त्यानं काढून घेतले होते. मागच्या वर्षाचं, पुढच्या वर्षाचं सगळं तिच्या डोक्यात गोळा झालं. ती तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. वळली तेव्हा वामनराव होते तिथेच, होते तसेच बसलेले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, साहेबापुढे बोलावलेल्या माणसासारखे.

"मग त्या दिवशी काय झालं?" तिनं विचारलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"चार वाजता तिचा श्वास बदलला तं मी ऑटो—"

"चारपासून नका. सकाळपासून सांगा."

मग त्यांनी सकाळपासून सांगितलं. नऊ वाजता खेमाची छाती आणि पाठ दुखायला लागली. नेहमीसारखीच. नेहमीच्या गोळ्या दिल्या, शेक दिला. त्याआधीच्या वर्षभरात चार वेळा दवाखान्यात नेलं होतं. दर वेळी बाकावर दिवस काढायचा, सलाइन लावून घेऊन परत यायचं, आणि येताना ती जास्तच थकलेली असायची. ती म्हणाली, आज नको, बाबा. त्यांनाही नकोच वाटलं. बाराला थोडं उतरलं असं वाटलं. तिनं दोन घास खिचडी खाल्ली. तीनला पुन्हा वाढलं.

"तीनला मले वाटलं का न्यावं," ते म्हणाले. "पण म्हणलं, गोळी दिली आहे, अर्धा तास पाहू. अर्ध्याचा एक तास झाला. एक तास मी थांबलो."

"ती काय बोलली होती? खरं."

वामनरावांनी आठवायला वेळ घेतला नाही. ते त्यांच्या ओठांवरच असावं.

"पंखा जोरात करा म्हणे. दीड वाजता असन. मी पाह्यलं, पंखा जोरातच होता. तिले सांगितलं तसं. जरा वेळानं पुन्हा म्हणे, बाबा, पंखा जोरात करा ना. म्हणलं, एप्रिल आहे, गरम होऊन रायलं असन. ओला टॉवेल टाकला तिच्यावर."

उत्पला गेली पाच वर्षं या एकाच आजाराचा अभ्यास करत होती. छातीतलं दुखणं, आणि पंखा पूर्ण वेगात असताना हवा पुरत नाही. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या बंद पडायला लागल्याची ही खूण पहिल्या वर्षाचं पोरही ओळखेल. दीड वाजता. चार-दहाच्या आधी जवळजवळ पावणेतीन तास. तेव्हा प्राणवायू लावला असता, रक्त चढवलं असतं, तर त्या अवस्थेतली बहुतेक माणसं वाचतात.

समोरच्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला फक्त तीन ते चार हा एक तास ठाऊक होता, आणि तेवढ्यावरच त्यानं पाच वर्षं काढली होती.

"उत्पला," वामनराव म्हणाले. "तू शिकली आहेस. तुले माहीत असन. कोणाले विचारू, म्हणून कधी विचारलं नाही." ते थांबले. "मी तो एक तास थांबलो नसतो, तं वाचली असती का ते?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर पलंगावरच्या पासपोर्टाकडे होती, पण ते तो पाहत नव्हते.

उत्पला त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "त्या एका तासानं काही फरक पडला नसता."

"खरं?"

"माझं हेच काम आहे ना. काही फरक पडला नसता. कोणालाच काही करता आलं नसतं."

वामनरावांनी मान हलवली, मग पुन्हा हलवली. तोंडावरून एकदा हात फिरवला.

"बरं झालं विचारलं," ते म्हणाले.

त्या दुपारी जेवण झाल्यावर ते तिथेच पलंगाच्या कडेला कलंडले आणि त्यांना झोप लागली, तोंड उघडं, एक चप्पल पायात तशीच. खेमा गेल्यापासून उत्पलानं त्यांना दुपारी झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिनं ती चप्पल काढून खाली ठेवली. विमान सोळा तारखेचं होतं. त्यांची झोप मोडू नये म्हणून भांड्यांचा, कुलपांचा, कशाचाही आवाज न करता ती सामान भरत राहिली.